अंग पास, लोखंड नापास: बासच्या ल्युअरचा डबा धरमतरच्या खाडीत

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. ऑनलाइन मिळणारा तो नऊशे रुपयांच्या आतबाहेरचा ‘बास फिशिंग किट’चा पारदर्शक डबा घ्यावा की नाही? ल्युअरचं, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या खोट्या आमिषाचं, अंग पास, त्याला लावलेलं लोखंड, म्हणजे गळ आणि कड्या, नापास. पाचपैकी अडीच तारे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच डबा झाकणावरचं स्टिकर बदलून चार नावांनी विकला जातो, एकाच्याच नावानं शंख कशाला करायचा?

माझं रायगडात पोयनाडच्या बाजूला लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. होड्यांचे शाफ्ट, नांगराच्या कड्या, पंपाचे बुश असली कामं येतात. खारं पाणी लोखंडाचं काय करतं ते आठवडाभर बघायचं आणि सुट्टीला रॉड उचलून खाडीवर जायचं. म्हणून हा रिव्ह्यू जितका गरवणाऱ्याचा, तितकाच फिटरचाही आहे.

डब्याच्या झाकणावर उडी मारणारा हिरवट मासा आहे तो लार्जमाउथ बास. उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला. आपल्या खाडीत त्याचा काही संबंध नाही. पण त्याच्या सवयी बघा: भलंमोठं तोंड, आडोशाला दबा धरून बसणं, भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत खेचणं. आपला जिताडा दुसरं काय करतो? सुकती म्हणजे ओहोटी लागली की खारेपाटाच्या उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर बोयटं आणि कोळंबी वाहत येते, आणि हा पठ्ठ्या बाहेर दगडाच्या आड तोंड करून उभा. तिकडच्या लोकांनी आपापल्या तळ्यांसाठी जे शोधून काढलं, ते इथे चालतं त्याचं कारण हेच.

आणि शोधणारी माणसंही काही प्रयोगशाळेत बसलेली नव्हती. मिशिगनमधल्या डोवाजिॲकचा जेम्स हेडन मधमाश्या पाळायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो लाकडाचे बेडूक कोरायला लागला आणि त्यातून पुढे कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीचा १९३९ सालचा प्लास्टिकचा ‘झारा स्पूक’, विडीच्या आकाराचा, पाण्यावर तरंगणारा, आजही विकला जातो. डब्यात त्याची नक्कल आहे आणि ती खरोखर बरी आहे. नक्कल करणाऱ्यानं वजनाची गोळी शेपटीकडे बरोबर जागी ठेवलीय. दोरी सैल ठेवून टोकाला हलके झटके दिले की ल्युअर डावीकडे-उजवीकडे मान हलवत येतो. पहाटे पाणी शांत असताना हाच बांधा.

डब्यात तीन मिनो आहेत, म्हणजे सडपातळ, पुढे पारदर्शक जीभ असलेले. त्यांचा मूळपुरुष फिनलंडचा. लाउरी रापाला हा मासेमारीवर पोट असलेला माणूस. मोठे मासे थव्यातला नेमका तोच छोटा मासा उचलतात जो जरा तिरका, दुखऱ्या अंगानं पोहतो, हे त्यानं पाहिलं होतं. १९३६ साली त्यानं बुचाचं लाकूड चाकूनं तासून तसाच डुलणारा मासा बनवला. चमक यावी म्हणून वरून चॉकलेटची चांदी लावली आणि पाणी लागू नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. वर्कशॉपवाल्या माणसाला हे वाचून भरून येतं. हाताशी होतं त्यातून काम काढलंय, एक वस्तू विकत आणलेली नाही.

डब्यातले मिनो पोकळ प्लास्टिकचे. तीनपैकी एक सरळ आला, दोन एका कुशीवर पडून डावीकडे पळायचे. हा दोष घरी निघतो: नाकावरची तारेची कडी बारीक पक्कडीनं अगदी किंचित उजवीकडे वाकवायची. ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला कडी. जोर लावला तर कडी मुळातून हलते आणि आत पाणी जातं, तेव्हा सांभाळून. रापालाच्या मालात हे दुखणं सहसा येत नाही, कारण ती मंडळी प्रत्येक नग पाण्याच्या टाकीत चालवून बघतो म्हणून सांगतात. आपण मोजतो ते जास्तीचे पैसे त्या टाकीचे.

आता लोखंड. माझा सगळा राग इथे आहे.

जगातला नोंदलेला सर्वात मोठा लार्जमाउथ बास १९३२ साली जॉर्जियात निघाला, २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोच्या जरासा वर. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याच्या बरोबरीचा दुसरा सापडला. बस्स, ही त्या जातीची हद्द. आपल्याकडे दहा किलोचा जिताडा निघाला तर गावभर चर्चा होते, पण अचंबा कोणी करत नाही. तर बाससाठीचे तीनतोंडी गळ बारीक तारेचे असतात. बारीक गळ हलक्या रॉडनंही पटकन रुततो, म्हणून गोड्या पाण्यात ते योग्यच. मात्र या डब्यातले गळ बारीक आहेत आणि वर नरमही.

उघाडीच्या तोंडाशी मिनो दोन हात ओढून थांबवला होता. थांबवला की पाणी ‘भॉक’ करून फुटलं, रॉड वाकला, मासा एकदाच अंग उलटून पांढरा दिसला आणि दोरी सैल. ल्युअर परत आला तेव्हा मागच्या गळाची दोन टोकं सरळ झालेली, टाचणीसारखी. गळ अडकवायच्या कड्याही ताणून अर्ध्या उघडलेल्या. शेजारी तंगूस आणि जिवंत कोळंबी घेऊन बसलेले आमचे काका म्हणाले, “मासा भुलला रं तुझ्या खेळण्याला. पण गळ कुठं हाय त्यात?”

दुसऱ्या दिवशी उरलेला एक गळ वाइसमध्ये धरून स्प्रिंगच्या काट्यानं ओढला. सहा किलोच्या आसपास तो उघडायला लागला. त्याच मापाचा समुद्रासाठीचा जाड गळ पंधरापर्यंत नेला, तो हलला नाही. आणि गंज विचारू नका. गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून ठेवले तरी आठवड्याभरात कड्यांवर तांबूस थर आणि डब्याच्या कप्प्यांत डाग.

डब्यातल्या रबरी गांडुळांवर थोडक्यात आटपतो. ही कल्पना १९४९ सालची, ओहायोतल्या ॲक्रनची. निक क्रीम नावाच्या माणसानं स्वयंपाकघरातल्या चुलीवर व्हिनाइल शिजवून साच्यात ओतलं. ॲक्रन हे टायरचं गाव, तेव्हा तिथे असलं काही सुचलं यात नवल नाही. खाडीत गांडुळापेक्षा शेपूट हलवणारे मऊ मासे चालतात, तांब तर त्यांच्यावर तुटून पडतो. पण विक्रेत्यानं मऊ आणि कडक माल एकाच डब्यात शेजारी-शेजारी भरलाय. मऊ प्लास्टिकमधलं तेल कडक प्लास्टिकच्या रंगाला खातं. मे महिन्यात डबा पत्र्याच्या शेडमध्ये होता. उघडला तर दोन गांडुळं पॉपरच्या (ओढला की पाणी उडवणारा ल्युअर) पोटाला चिकटून त्याचा रंग घेऊन बसलेली, आणि बोटांना डिंकासारखा चिकटा. डबा आला की पहिल्याच दिवशी मऊ माल वेगळ्या पिशवीत काढा.

डब्यातला बेडूक उत्तम, पण तो खाडीचा नव्हे. पावसाळ्यानंतर तळ्यातल्या शेवाळावरून ओढा, मरळ येतो. स्पिनरबेटची, म्हणजे तारेवर फिरती पाती असलेल्या ल्युअरची, तार एका झटक्यात वाकली, विषय संपला.

झाकणावर ‘प्रो’ आणि ‘टूर्नामेंट ग्रेड’ असं सोनेरी अक्षरांत छापलंय. त्यामागेही इतिहास आहे. अलाबामाचा विमा एजंट रे स्कॉट यानं १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी ‘बास’ ही संघटना काढली. तेव्हापासून स्पर्धा जिंकणाऱ्याच्या दोरीला काय बांधलं होतं हे विचारत गिऱ्हाईक दुकानात जायला लागलं. रापालाचं नशीब तर आणखी अजब. ऑगस्ट १९६२ च्या ‘लाइफ’ मासिकात त्याच्यावर लेख आला, आणि मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मॅरिलिन मन्रो. तो अंक घराघरांत गेला आणि फिनलंडच्या लाकडी माशाला अमेरिकेत मागणी पुरी पडेना. जाहिरात असो की योगायोग, त्यांच्याकडे निदान मासा गळाला राहत होता. इथे ‘टूर्नामेंट ग्रेड’ कोणत्या टूर्नामेंटचा, विचारलं तर विक्रेत्याकडून हात जोडलेली इमोजी आली.

डबा घेतलाच असेल किंवा कोणी भेट दिला असेल, तर हे करा. मिनो, पॉपर आणि तो विडीवाला एवढे ठेवा. सगळ्या कड्या आणि तीनतोंडी गळ काढून टाका. जाड कड्या घाला आणि शक्यतो एकेरी गळ लावा. वजन वाढलं तर ल्युअर बुडेल ही भीती खाडीत थोडी कमी, कारण खाऱ्या पाण्यात तो मुळातच जरा वर तरंगतो. तरी आधी बादलीत खाडीचंच पाणी घेऊन बघा. माझ्या मोठ्या मिनोनं जाड गळ पेलले, छोट्याचं डुलणं मेलं. एकेरी गळ सोडवायलाही सोपा. मोठा जिताडा बहुतेक मादीच असतो, कारण हा मासा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो, तेव्हा एखादी सोडून द्यावीशी वाटली तर तिचं तोंड फाटत नाही. (पाच किलोपर्यंतचा मात्र मी सोडत नाही. घरी विचारणारे आहेत.)

दोरीच्या टोकाला चाळीस ते साठ पौंडी लीडर, म्हणजे ल्युअरच्या आधीचा जाड दोरीचा तुकडा, हवाच. जिताड्याचे दात खरखरीत असतात, त्यांची भीती नाही, पण कल्ल्याच्या झाकणाला ब्लेडसारखी धार असते. डब्यासोबत आलेली लीडरची गुंडाळी पतंगालाही बांधू नका.

हिशेब असा: डबा नऊशे, गळ आणि कड्या पाचशेच्या घरात, आणि हाती लागतात कामाचे पाच ल्युअर. तेवढ्यात चांगल्या कंपनीचे दोन येतात, तेही बासचे नव्हे, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेले. नवीन शिकणाऱ्यानं, ज्याचे ल्युअर तिवरांत अडकून जाणारच आहेत, त्यानं डबा घ्यायला हरकत नाही. उघाडीवर जिताड्यासाठीच उभं राहणार असाल तर ते चांगले दोनच घ्या.