वेटरच्या हातात टॅब: काही महिने वापरल्यावर

टॅबवर ऑर्डर घ्यायला लागून आता बरेच महिने झाले. गर्दीचे दिवस पाहिले, मंदीचे पाहिले, मधल्या काळात वेटरही बदलले. घेण्याआधी जो तो एकच सांगत होता: ऑर्डर झटपट घेता येते. माझा अनुभव तसा नाही. मुरलेला वेटर कागदावर आपल्या खुणांनी ज्या झपाट्याने ऑर्डर उतरवतो, तो झपाटा टॅबवर यायला काही आठवडे जातात, आणि त्यानंतरही फार तर बरोबरी होते. फायदा आहे तो त्याच्या पुढच्या पायरीला.

पूर्वी ऑर्डर घेतली की वेटर काउंटरवर जायचा, आधीच्याचं टाइप करून होईपर्यंत थांबायचा, मग केओटी, म्हणजे किचनसाठी छापलेली ऑर्डरची चिठ्ठी, घेऊन किचनच्या खिडकीशी. तेवढा वेळ त्याची टेबलं उघडी. आता तो टेबलापाशीच ‘पाठवा’ दाबतो आणि तिथेच राहतो. पाणी संपलेलं त्याला दिसतं, रिकाम्या प्लेटा लगेच उचलल्या जातात. सगळ्यात जास्त फरक पडला तो बिलाच्या वेळी. जेवून झालेला माणूस ताटकळला की आधीची सगळी चांगली सेवा विसरतो. टॅबवर बिल तिथल्या तिथे निघतं, वेगवेगळं हवं असेल तर कोणी काय घेतलं त्याप्रमाणे फोडता येतं, आणि टेबल लवकर मोकळं होतं.

तसं पाहिलं तर रेस्टॉरंटमध्ये टचस्क्रीन आजची नाही. जीन मोशर यांनी अटारी एसटी संगणकावर चालणारी रंगीत टचस्क्रीनची ऑर्डर प्रणाली १९८६ सालीच लोकांसमोर मांडली होती. पण स्क्रीन काउंटरला खिळलेली असेल तोवर वेटरची फेरी चुकत नाही. ती त्याच्या हातात आली, हा खरा बदल.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे त्याबद्दल: बटणांची मांडणी. सॉफ्टवेअर बसवणारे लोक छापील मेनूकार्ड जसंच्या तसं टॅबवर चढवून देतात. ते तसं ठेवू नका. कार्ड गिऱ्हाइकाला वाचायला असतं, स्क्रीन वेटरला न वाचता दाबायला. जे पदार्थ सारखे जातात ते पहिल्याच पानावर हवेत आणि त्यांची जागा कधी बदलता कामा नये. बोटांना जागा पाठ होते. दुसरं म्हणजे सक्तीचे प्रश्न. प्रत्येक पदार्थामागे स्क्रीन तीन प्रश्न विचारायला लागली की घाईत वेटर वरचा पर्याय दाबून मोकळा होतो आणि किचनला चुकीची माहिती अगदी स्वच्छ अक्षरात मिळते. ज्याच्याशिवाय पदार्थ बनवताच येत नाही तेवढंच सक्तीचं ठेवा, बाकी सगळं ऐच्छिक.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत मात्र मी कुणाचंही ऐकत नाही. ‘शेंगदाणे नको’ हे आवडीने सांगितलेलं वेगळं आणि अ‍ॅलर्जी म्हणून सांगितलेलं वेगळं. दोन्ही एकाच ‘सूचना’ रकान्यात टाइप होत असतील तर स्वयंपाक्याला फरक कळणार नाही. अ‍ॅलर्जीसाठी स्वतंत्र बटण करून घ्या. केओटी छापणाऱ्या थर्मल प्रिंटरला काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं छापता येतात. ती सोय फक्त ह्याच एका कामासाठी राखून ठेवा. सध्याच्या प्रणालीत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

किचनची बाजू कोणी आधी सांगत नाही. पूर्वी वेटरच्या चालण्यामुळे ऑर्डरी आपोआप अंतराने पोचायच्या. टॅब आल्यावर पाच टेबलांच्या ऑर्डरी एकाच मिनिटात आत जाऊन आदळतात. अडथळा संपत नाही, बाहेरचा आत सरकतो. त्यामुळे ‘थांबव’ आणि ‘आता सोड’ ही सोय असलेलंच सॉफ्टवेअर घ्या: सुरुवातीचे पदार्थ लगेच जातात, पुढचे वेटरने सोडल्यावरच. भट्टीजवळ छापील केओटी उष्णतेने काळवंडते, कारण थर्मल कागदाला छापण्यासाठी शाई नसते, उष्णताच लागते. आम्ही तिथे स्क्रीन लावली. वेळ उलटत जाईल तसा ऑर्डरचा रंग बदलतो, हे उपयोगी आहे. पण प्रिंटर काढून टाकला नाही, आणि काढणारही नाही.

वायफाय. तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक टॅबच्या नावावर येतात आणि निघतात नेटवर्कच्या. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय त्याच्या शेजारीच असतं. ओव्हन सुरू झाला की किचनच्या दाराशी उभ्या असलेल्या वेटरची ऑर्डर नुसती फिरत राहायची. टॅब ५ गिगाहर्ट्झवर घेतले, तो त्रास गेला. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे कमी पोचतं, म्हणून आणखी एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं यंत्र, लावावा लागला. प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, राउटरमध्ये कायमचा बांधून घ्या, नाहीतर वीज जाऊन आली की प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो आणि टॅब जुन्याच पत्त्यावर केओटी पाठवत बसतो. राउटरला यूपीएस द्या. गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं ठेवा. आणि विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर इंटरनेटची केबल काढून ऑर्डर किचनपर्यंत जाते का, ते बघा. सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर असेल तर जाणार नाही.

टॅब आठ इंची पुरे. दहा इंची एका हातात धरून तासन्‌तास फिरवता येत नाही. मागे हाताचा पट्टा असलेलं कव्हर घ्या. बोटं ओली असली की स्क्रीन भलतंच काही दाबते, त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात कोरडा रुमाल हवाच. रात्रभर चार्जरवर, तेही गरम जागेत ठेवलेल्या टॅबची बॅटरी फुगू शकते; चार्जिंगची जागा किचनपासून लांब हवी आणि शक्य असेल तर ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावावी.

टेबलावर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेले टॅब आम्ही काढून घेतले. लोकांना विचारायचं असतं, ‘यात बरं काय आहे?’ त्याला स्क्रीन उत्तर देत नाही.

प्रत्येक वेटरला स्वतःचा पिन दिला, रद्द केलेल्या पदार्थाला कारण नोंदवणं बंधनकारक केलं. दिवसअखेरीचा हिशेब त्यामुळे वादाशिवाय बसतो. त्याच नोंदींतून कोण किती वेळात टेबल उरकतो तेही दिसतं, पण ते आकडे मी भिंतीवर लावत नाही. लावले की वेटर लोकांना घाई करायला लागेल, आणि मग त्याला टेबलापाशी मोकळं ठेवून काय उपयोग? त्या आकड्यांवरून मी टेबलांची वाटणी बदलतो, एवढंच. कोपऱ्यातली मोठी टेबलं आता नव्या माणसाकडे देत नाही.

पदार्थ संपला की किचनमधून एका बटणाने सगळ्या टॅबवर तो बंद होतो, पण किती प्लेट उरल्या आहेत ते वेटरला दिसत नाही. त्यासाठी विक्रेत्याच्या मागे लागलो आहे. ती सोय आली की ह्या अनुभवात भर घालीन.