रिकाम्या लॉटवर नवं घर की जुनं? एक अख्खा हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमचा मोबाइल होम पार्क अमेरिकेत ओहायोत आहे, साठच्या दशकात आखलेला. म्हणजे कारखान्यात बनवून चाकांवर ओढून आणलेल्या घरांची वसाहत; जमिनीचे तुकडे, म्हणजे लॉट, पार्काचे आणि त्यांचं भाडं राहणारा देतो. घेतला तेव्हा बरेच लॉट रिकामे होते. पाणी, सांडपाणी, वीज सगळं जागेवर, फक्त घर नाही. आतेभावाचं म्हणणं, जुनी घरं आणू, पैसे लवकर सुटतील. मी नव्यांच्या बाजूने. शेवटी दोन्ही प्रकारची आणली. मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारे या धंद्याबद्दल हटकून विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

घर बघायच्या आधी लॉट मोजा. आमचे लॉट पडले तेव्हा घरं दहा-बारा फूट रुंद आणि पन्नास-साठ फूट लांब असायची. आजचं सिंगलवाइड, म्हणजे एकाच तुकड्यात येणारं घर, १४ किंवा १६ फूट रुंद आणि लांबीला पार ७६ फुटांपर्यंत जातं. शेजारच्या घरापासून सोडायचं अंतर धरलं की आमच्या निम्म्या लॉटवर ते बसतच नाही. कारखाने आखूड घरं बनवतात, पण लांबी घटली म्हणून किंमत त्या प्रमाणात उतरत नाही, कारण स्वयंपाकघर, बाथरूम, फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) हा महागडा भाग तेवढाच राहतो. विजेचा खांबही बघा. जुन्या लॉटवर बहुतेकदा ६० किंवा १०० अँपिअरची जोडणी असते आणि सगळं विजेवर चालणाऱ्या नव्या घराला २०० लागते. आणि झोनिंगच्या, म्हणजे जमिनीचा वापर ठरवणाऱ्या, ऑफिसातून लेखी उत्तर घ्या. जुन्या पार्कांना पूर्वापार वापर म्हणून सूट असते, पण लॉट बराच काळ रिकामा राहिला तर काही ठिकाणी तो हक्कच जातो. काही गावं ठरावीक वर्षांपेक्षा जुनं घर येऊच देत नाहीत.

आता जुनी घरं. १५ जून १९७६ ही पहिली रेघ. त्या दिवसापासून केंद्र सरकारचं बांधणीचं मानक लागू झालं आणि घराच्या प्रत्येक भागाला बाहेरून लाल धातूची पट्टी लागायला लागली. त्याआधीचं घर आम्ही बघतही नाही. दुसरी रेघ १९९४. अँड्र्यू वादळाने १९९२ साली फ्लोरिडात अशा घरांची धूळधाण केली, त्यानंतर १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी थंडी-उष्णतेचेही. त्याच सुमाराला राखाडी पॉलिब्युटिलीन प्लॅस्टिकचे पाण्याचे पाइप वापरातून गेले. १९७८ ते १९९५ मधल्या घरांत ते सर्रास सापडतात आणि सांध्यांतून गळतात.

आत एक कागदी तक्ता चिकटवलेला असतो, बहुतेक ओट्याखालच्या कपाटात किंवा विजेच्या पेटीजवळ. त्यावर अमेरिकेचे छोटे नकाशे असतात: वारा, छतावरचा भार, तापमान. जॉर्जियातलं एक जप्तीचं घर आम्हाला फारच स्वस्तात मिळत होतं. फोटो झकास, गालिचा नवा. तक्त्यावर तापमानाचा झोन १ होता, म्हणजे उबदार दक्षिणेसाठीचा. ओहायो थंडीच्या झोन ३ मध्ये येतं. म्हणजे भिंतीत आणि जमिनीखाली इन्सुलेशन कमी, आणि जानेवारीतलं विजेचं बिल भाडेकरूच्या माथी. आम्ही ते सोडलं. भाडेकरूला परवडत नसेल ते घर पार्कालाही परवडत नाही, कारण तो हिवाळा संपताच निघून जातो.

मग शेजारच्या काउंटीतून नव्वदच्या दशकाच्या अखेरचं एक सिंगलवाइड आणलं. किंमत किरकोळ. पण ओहायोत घर हलवायच्या आधी काउंटीचा (जिल्ह्याचा) कर चुकता करून घर हलवण्याची नोटीस घ्यावी लागते. मग रुंद वाहनाचा परवाना, टायर, ओढून आणणं, खाली आधाराचे ब्लॉक, घर जमिनीला बांधणारे अँकर, खालची मोकळी जागा झाकणारं स्कर्टिंग, पायऱ्या. हा खर्च घराच्या किमतीच्या वर गेला. मी टॉर्च घेऊन खाली सरपटत गेलो, तेव्हा घराच्या पोटाखालचं काळं आवरण दोन जागी फाटलेलं होतं आणि इन्सुलेशनचे ओले गठ्ठे लोंबत होते. टबाच्या कडेची जमीन पायाखाली दबत होती. भुसा दाबून बनवलेलं ते बोर्ड एकदा पाणी प्यायलं की फुगतं आणि पुन्हा ताकद धरत नाही. ते कापून प्लायवूड घातलं, पोट शिवून घेतलं, पाइपांना हीट टेप, म्हणजे विजेवर गरम राहणारी पट्टी, बांधली. त्यानंतर थंडीत एकदाही पाणी गोठलं नाही. घर ठणठणीत आहे, राहणारी बाई खूश आहे.

नव्या सिंगलवाइडची देशातली सरासरी किंमत हल्ली ८० ते ९० हजार डॉलरच्या दरम्यान आहे. आमच्या नव्या घरात फर्नेस कमी वेळ चालते, बिल जुन्यापेक्षा बरंच कमी येतं. कुरबूर एकच: बर्फ वितळल्यावर जमीन बसली आणि बेडरूमचं दार अडकायला लागलं. लावणाऱ्याने येऊन घर पुन्हा लेव्हल केलं. म्हणून करारातच लिहून घ्या की पहिल्या वसंतात लेव्हल तपासायची. पाया गोठणाऱ्या थराच्या खाली जायला हवा, त्यात काटकसर नको.

पैशाचं गणित मात्र नव्यात राहणाऱ्यावर जड जातं. जमीन पार्काची, त्यामुळे बहुतेकदा घरकर्ज न मिळता गाडीसारखं वस्तूवरचं कर्ज मिळतं, त्याचा व्याजदर चढा, वर लॉटचं भाडं. आम्ही स्वतः हप्त्याने घर विकत नाही. २००८ च्या सेफ आणि २०१० च्या डॉड-फ्रँक या कर्जव्यवहारांवरच्या केंद्रीय कायद्यांनंतर त्यासाठी परवानाधारक माणूस लागतो, आणि त्यातून पळवाटा शोधून गरिबाने भरलेले हप्ते बुडवणं मला मान्य नाही.

सगळ्यात समाधान दिलं ते आधीपासून पार्कातच उभ्या असलेल्या जुन्या घरांनी. एक कुटुंब मुलाकडे राहायला गेलं, त्यांचं घर आम्ही रास्त भावात घेतलं. वाहतूक नाही, परवाना नाही, अँकर जागेवर. छताला लेप, नवा वॉटर हीटर, जमिनीची डागडुजी, एवढ्यात ते उभं राहिलं. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मात्र काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या ऑफिसात आपल्या नावावर झाल्याशिवाय हातोडा उचलू नका. सोडून दिलेल्या घराचं टायटल कोर्टातूनच सुटतं आणि वेळ खातं.

आता उरलेल्या लॉटपैकी रस्त्याकडेच्या रुंद जागांवर नवीच घरं येतील. मागच्या आखूड लॉटवर १९९४ नंतरची, ओहायोतलीच, आणि पोटाखालून बघितल्याशिवाय एकही नाही. आतेभाऊही आता जॉर्जियाच्या जाहिराती पाठवत नाही.