कुडाळच्या दुकानातले दोन कागद: आय३ ८ जीबी की रायझन ५ १६ जीबी?

शेजारच्या काकी गेल्या रविवारी लॅपटॉपची दोन कोटेशनं घेऊन थेट आमच्या पडवीत आल्या. "आमच्या चेडवाक ह्यातलो खंयचो घेव, सांग मगे." मुलगी बी.एस्सी. आयटीच्या पहिल्या वर्षाला. घरात तोच लॅपटॉप काकांना आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, लाइट बिल, सातबारा आणि मुंबईच्या मुलाशी व्हिडिओ कॉल यासाठी हवा.

पहिला कागद: इंटेल आय३-१२१५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम (चालू काम मांडायची तात्पुरती जागा), रॅमची पट्टी बसवायचा एक स्लॉट मोकळा, एक वर्ष ऑनसाइट वॉरंटी (दुरुस्तीवाला घरी येतो). दुसरा: एएमडी रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एक वर्ष कॅरी-इन वॉरंटी (लॅपटॉप आपणच सेंटरला न्यायचा), किंमत तीन हजारांनी जास्त. ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी पडदा आणि विंडोज ११ दोन्हीकडे सारखं, म्हणून ते आधीच खोडून टाकलं. काकींचा कल अर्थात दुसऱ्याकडे. पाच हे तीनपेक्षा मोठं आणि सोळा हे आठाच्या दुप्पट.

रॅमपुरतं त्यांचं बरोबर आहे. विंडोज ११ स्वतःसाठीच तीन-चार जीबी खातं, वर ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडल्या की ८ जीबीचा डबा भरत येतो. काकांच्या कामाला एवढं पुरेल. मुलीला पहिल्या वर्षी जावा, पायथन, मायएसक्यूएल यांनाही पुरेल. पुढे मोबाइलची ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आला आणि त्यात इम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, सुरू केला की मात्र ८ जीबीवर चहा करून येण्याइतका वेळ मिळतो. तेव्हा १६ हवेच. प्रश्न फक्त आज घ्यायचे की नंतर बसवायचे, एवढाच.

प्रोसेसरचा भाग मात्र उलटा निघाला. रायझनच्या या ७००० मालिकेत नावापुढच्या ५ पेक्षा चार आकड्यांतला तिसरा आकडा बघायचा, तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२० मध्ये तिथे २ आहे, म्हणजे झेन २, मूळ २०१९ ची रचना, ४ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग). ७५३० मध्ये ३ आहे, म्हणजे झेन ३, आणि ६ कोअर. एका आकड्याचा फरक, पण यंत्र वेगळं. पहिल्या कागदावरचा आय३ बाराव्या पिढीचा, २ मोठे आणि ४ छोटे असे ६ कोअर, आणि रोजच्या कामात तो या रायझन ५ पेक्षा चपळ आहे. स्टिकरवरचा पाच बघून तीन हजार जास्त मोजायला मी तरी तयार नाही. दुसऱ्या कागदावर ७५३०यू असता तर हा लेख इथेच संपला असता.

रायझनची एक बाजू खरी आहे: तो वीज कमी पितो. आय३ जोरात पळवला की तापतो, पंखा घोंघावतो आणि बॅटरी लवकर उतरते. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पण लाइट गेली की वायफायचा राउटरही मरतो आणि ऑनलाइन लेक्चर तिथेच थांबतं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो आधी घ्या. स्टॅबिलायझर नको, लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालवून घेतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढायचा, हे मात्र हवंच.

आता वॉरंटी आणि खारा वारा. पुण्यातल्या माणसाने लिहिलेल्या आढाव्यांत हे सापडत नाही. माझ्या आधीच्या लॅपटॉपची कॅरी-इन वॉरंटी होती. कीबोर्डची चार बटणं बंद पडली आणि मी घाट चढून कोल्हापूरला तीन खेपा घातल्या: एकदा दाखवायला, एकदा "पार्ट आला नाही" हे ऐकायला, एकदा आणायला. एसटीचं भाडं आणि बुडलेले दिवस धरले तर ऑनसाइटचे जादा पैसे कमीच वाटले असते. ऑनसाइट म्हटलं तरी आपल्या पिनकोडला माणूस येतो का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. गंज किंवा पाणी यामुळे बिघडलं तर साधी वॉरंटी बहुधा हात वर करते. अपघाती नुकसानीचं कवच वेगळं विकत घ्यावं लागतं.

गंज इथे कल्पनेतला नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात यूएसबीच्या तोंडाशी हिरवट थर मी स्वतः खरवडलाय. पंखा तोच वारा आत ओढतो. रायझनच्या या चिपबरोबरची रॅम बोर्डावरच डकवलेली असते. ती गेली तर बोर्डच बदला, आणि उद्या १६ चे ३२ करायचे म्हटलं तर वाटच नाही. आय३ वाल्यात स्लॉटमधली पट्टी काढून नवी लावता येते, आणि ते काम तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला समोर बसून करतो. बाकी दोघांनाही एकच पथ्य: श्रावणात लॅपटॉप ओल्या बॅगेत घालून कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. रोज तासभर चालवलात तर स्वतःच्या उबेने कोरडा राहतो.

पडदा कागदावर सारखा, म्हणून तो दुकानात बघायचा. बाजूने तिरकं बघितल्यावर रंग उलटेपालटे झाले तर तो स्वस्तातला पडदा. खळ्यात उन्हात बसून काम करायचं असेल तर दोन्ही निरुपयोगी.

काकींच्या भावाने सुचवलेला जुन्या, "ऑफिसातून आलेल्या" लॅपटॉपलाही मी नाही म्हटलं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल तर विचार करता येईल. मुलगी मेकॅनिकलला असती आणि यंत्रांचे आराखडे काढायचं सॉलिडवर्क्स चालवायचं असतं तर दोन्ही कागद परत पाठवून वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं यंत्र मागायला सांगितलं असतं.

माझं मत पहिल्या कागदाला, फक्त दुकानातच ८ जीबीची जादा पट्टी बसवून आणि बिलावर तिची नोंद करून. रॅमचे भाव सध्या चढे आहेत, त्यामुळे बेरीज दुसऱ्या कागदाच्या वर जाऊ शकते. तशी गेली तर पट्टी वर्षभराने घ्या, अँड्रॉइड स्टुडिओ तोवर येत नाही. ऑनसाइट वॉरंटी मात्र तीन वर्षांची करता येते का ते आजच विचारा.

काकींनी सगळं शांतपणे ऐकलं, कागदाची घडी घातली आणि पायरीवरून वळून म्हणाल्या, "आणि बॅग फुकट गावतली मां?"