जॅमिंग रूम की नदीपात्र?

पुण्यात नोकरी सांभाळून हौसेखातर वाजवायचं तर ढोबळमानाने दोन वाटा आहेत: चार-पाच जणांचा बँड, नाहीतर ढोल-ताशा पथक. मी सहा वर्षं बँडमध्ये गिटार वाजवली, आता काही वर्षं पथकात ढोल वाजवतोय. गिटार अजून विकलेली नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

वाजवण्याचं सुख म्हणाल तर ते बँडमध्ये जास्त, हे आधीच कबूल करतो. सुरुवातीचा तुकडा तुमचा असतो, चुकलात तर पाचही जणांना कळतं. एखाद्या संध्याकाळी बेस आणि ड्रम असे काही जुळून येतात की आपण हात थांबवून नुसतं ऐकावं. पथकात हे विसरा. चाळीस-पन्नास ढोल एकदम वाजायला लागले की स्वतःचा ढोल कानाला ऐकू येत नाही, पोटाला कळतो. माझं टिपरू अर्धी मात्रा मागे पडलं तर फार तर शेजारच्याला समजेल, आणि तोही बहुतेक मागेच पडलेला असतो.

मग मी बँड का सोडला? ड्रमरमुळे. या शहरात गिटारवाले पैशाला पासरी, पण बरा ड्रमर मिळणं मुश्कील. जो मिळतो तो आणखी दोन बँडमध्ये असतो. शनिवारी चारची जॅमिंग रूम, तासाचे पैसे आधीच भरलेले, मी बसमध्ये गिटार उभी धरून निम्म्या वाटेवर, आणि साडेतीनला ग्रुपवर मेसेज: ‘आज जमत नाही रे, सॉरी.’ पुढे हात जोडलेला इमोजी. मग आम्ही चौघं मोबाइलवर ठेका देणारा मेट्रोनोम लावून बसायचो. टिक टिक टिक. त्यावर गाणं म्हणजे दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं. शेवटच्या वर्षी मी तारखांची नोंद ठेवायला लागलो होतो. पाचही जण हजर असे शनिवार एका हाताच्या बोटांवर मावले. वाजवण्यापेक्षा तारीख जुळवण्यातच जास्त वेळ जात होता. माझं नशीबच फुटकं असेल, तुम्हाला वेळ पाळणारा ड्रमर मिळालाच तर त्याला सोडू नका.

पथकात पाच जण आले नाहीत तरी सराव सातला सुरू होतो. पावसाळ्यात नदीपात्रातल्या शेडमध्ये पोचायचं, जमिनीवर बसून दोऱ्या ओढत ढोल ताणायचा, कमरेला बांधायचा आणि ताशाच्या इशाऱ्याकडे डोळे लावायचे. पहिल्या आठवड्यात थाप मारणाऱ्या हाताची बोटं सोलवटतात, त्यांना चिकटपट्टी. कानात बोळे घालाच, मी पहिल्या वर्षी घातले नाहीत आणि दोन दिवस डोक्यात शिट्टी वाजत होती. काठावरच्या सोसायट्यांच्या तक्रारी येतात, आणि खरं सांगायचं तर त्या खोट्या नसतात.

पथकाचा खरा जाच म्हणजे ताटकळणं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर पाच-सहा तास ढोल अंगावर घेऊन उभं राहायचं, बेलबाग चौकात वाजवायला मिळणार वीस मिनिटं. तेव्हा बँड आठवतो. शिवाय सगळा खेळ दोन-तीन महिन्यांचा, बाकी वर्ष हात मोकळेच.

2024 मध्ये गणपतीच्या तोंडावर हरित लवादाने एका पथकात तीसच वादक असावेत असं बंधन घातलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती देईपर्यंतचे दोनेक आठवडे आमच्याकडे कुणाला वगळायचं याची कुजबुज होती. मी चौथ्या रांगेतला, वय सगळ्यात जास्त, तेव्हा माझा नंबर ठरलेलाच होता. नाव कटलं तर वाईट वाटेल हे मला तेव्हा कळलं. बँड मोडला तेव्हा मात्र कुणी साधा फोनही केला नव्हता.

स्वतःच्या चाली असतील, त्या लोकांनी ऐकाव्यात असं वाटत असेल तर बँडच करा. ती भूक पथकात भागणार नाही. नुसतं आठवड्यातून तीनदा घाम गाळून वाजवायचं असेल तर जूनच्या शेवटी पथकांच्या नोंदणीवर नजर ठेवा.

गेल्या वर्षी सरावाला ताशाच्या ओळीत एक ओळखीचा चेहरा दिसला. आमचाच ड्रमर. हंगामाच्या सुरुवातीच्या वाद्यपूजनापासून एकही सराव चुकवलेला नाही म्हणे.