कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची शोधसेवा : पूर्व खानदेशातल्या एका शिपायाची नोंद

दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या, तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांतील सुमारे 17 लाख जणांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही 1917 साली स्थापन झालेली संस्था सांभाळते, आणि तिच्या संकेतस्थळावर कोणालाही एक पैसा न भरता आपल्या घरातल्या माणसाचा शोध घेता येतो. खानदेशातल्या ज्या घरांत 'आजोबा पल्टनीत गेले ते परत आलेच नाहीत' एवढ्यावरच गोष्ट संपते, त्या घरांनी ही सेवा आवर्जून वापरावी.

माझे पणजोबा पारोळा तालुक्यातले. थोडी दादर ज्वारी, थोडी कपाशी अशा कोरडवाहू रानावर दोन भावांचे भागेना, म्हणून धाकटे, म्हणजे पणजोबा, दुसऱ्या महायुद्धात मराठा पल्टनीत भरती झाले. ते गेले तेव्हा माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, रांगत होते. पुढे तार आली, पेन्शन सुरू झाली आणि 'बर्माच्या लढाईत गेले' असे घरात सांगितले जाऊ लागले. तारेचा कागद मात्र कोणी जपून ठेवला नाही. त्यांच्या बायकोला सारे गाव मोठी माय म्हणत असे. तिने दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-वेचणी करून आबांना वाढवले.

नाव टाकून शोधू गेल्यास खानदेशी माणसाची दमछाक होते, कारण नोंदी इंग्रजीत आहेत आणि त्या काळच्या कारकुनांनी कानाला जसे ऐकू आले तसे स्पेलिंग केले आहे. 'शिवराम' तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, आणि 'व'साठी व्ही घातला आहे की डब्ल्यू, याचा काही नेम नसतो. शिवाय भारतीय शिपायांचे सबंध नाव पुष्कळदा आडनावाच्या रकान्यातच घातलेले असते. म्हणून त्याच रकान्यात कधी नुसते नाव, कधी नुसते आडनाव टाकून पाहावे. जिल्हाही आजचा चालत नाही. जळगाव जिल्हा त्या वेळी पूर्व खानदेश होता आणि आजचे धुळे व नंदुरबार मिळून पश्चिम खानदेश होता, त्यामुळे 'ईस्ट खानदेश', 'वेस्ट खानदेश' आणि 'धुलिया' हे शब्द अधिक माहितीच्या रकान्यात टाकले, तर गावाकडची बरीच नावे एकदम समोर येतात.

याहून खात्रीचा मार्ग शिपायाच्या नंबरचा आहे. भारतीय सैनिकांना मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नंबर आणि नाव ठोकलेले असे. आमच्याकडे देव्हाऱ्यातल्या डबीत एकच गोल पदक उरले होते. त्याची कड उन्हात तिरपी धरून, भिंगाने एकेक आकडा वाचून घेतला आणि नंबरच्या रकान्यात टाकला, तेव्हा एकच नोंद पुढे आली.

हुद्दा शिपाई, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. मृत्यूची तारीख होती, वयाचा रकाना मात्र रिकामा होता. स्मारकाचे नाव होते सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल, इटली. ज्याला आम्ही इतकी वर्षे ब्रह्मदेशात शोधत होतो, तो एड्रियाटिक समुद्राकाठी गेला होता. 1943 च्या नोव्हेंबरात आठव्या भारतीय डिव्हिजनने सांग्रो नदी ओलांडली, त्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली बटालियन होती. दहन झालेल्या 500हून अधिक भारतीय सैनिकांची नावे त्या स्मारकावर आहेत. आपल्या माणसाला परमुलखातही अग्नी मिळाला, हे कळल्यावर आबांना किती बरे वाटले, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

मला स्वतःला त्या नोंदीतली शेवटची ओळ सर्वांत मोलाची वाटते. अमक्याचा मुलगा, अमकीचा पती, गाव अमुक, पूर्व खानदेश. ही 'अमकी' म्हणजे मोठी माय. जमीन आधी दिराच्या नावावर होती, नंतर मुलाच्या नावावर झाली. सातबाऱ्यावर ती कधी आली नाही, आणि तिचे खरे नाव घरातल्या तरुण मंडळींना ठाऊकही नव्हते. इंग्रजी अक्षरांत थोडे वेडेवाकडे झालेले असले, तरी ते नाव युद्धात मेलेल्या नवऱ्याच्या नोंदीत आज ऐंशी वर्षे टिकून आहे. सगळ्याच नोंदींत कुटुंबाचा असा उल्लेख असतो असे नाही, पण दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय शिपायांच्या बाबतीत तो बऱ्याचदा सापडतो.

पहिल्या महायुद्धातला माणूस शोधणाऱ्यांनी मात्र मनाची तयारी ठेवावी. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या 40,500हून अधिक जणांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले, त्यावर ब्रिटिशांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या भारतीय शिपायांचा पल्टनवार नुसता आकडा घातला. आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांच्या स्मरणात असा भेदभाव झाल्याचे कमिशनने नेमलेल्या समितीनेच 2021 च्या अहवालात मान्य केले, आणि असमान वागणूक मिळालेल्यांची संख्या 45,000 ते 54,000 असावी असा अंदाज दिला. ही कबुली शंभर वर्षे उशिरा आली, तरी ती आली याची मी कदर करतो. दगडावर नसलेली यातली पुष्कळ नावे आता संकेतस्थळावर मिळतात, म्हणून शोध अर्ध्यावर सोडू नये.

प्रत्येक नोंदीसोबत स्मृतिप्रमाणपत्र मोफत उतरवून घेता येते, आणि पुष्कळ ठिकाणी मूळ टंकलिखित कागदांच्या प्रतीही पाहता येतात. आमच्या भागातल्या एका दुकानात हेच प्रमाणपत्र 'लंडनहून मागवून देतो' असे सांगून एका म्हाताऱ्या बाईंकडून भरमसाट पैसे घेतले गेले. घरातल्या शिकलेल्या मुलाला मोबाईल घेऊन शेजारी बसवावे, तेवढे पुरे होते.

नोंदीत चूक किंवा उणीव असल्यास कागदोपत्री पुरावा जोडून कमिशनला दुरुस्ती कळवता येते. पणजोबांच्या वयासाठी आम्ही गावच्या मराठी शाळेचे जुने जनरल रजिस्टर काढून घेतले आहे. त्यातल्या मोडी नोंदीचे लिप्यंतर झाले की अर्ज पाठवणार आहोत, आणि त्याच अर्जात मोठ्या मायच्या नावाचे स्पेलिंगही सुधारून मागणार आहोत.