हात जोडून मिळाले, गाल मात्र जरा जास्तच गुलाबी: बाहुली दुरुस्तीचा अनुभव

आधीच सांगते, घ्यावी का ही सेवा तर हो, बिनधास्त घ्या, फक्त रंगाच्या बाबतीत काहीही तोंडी सोडू नका. नाव टाकत नाहीये कारण शेवटी एक तक्रार पण आहे आणि कामाला ती माणसं वाईट नाहीत, उगाच कोणी त्यांच्या मागे लागायला नको.

दोन पेशंट पाठवले होते. एक आत्याची डोळे मिटणारी बाहुली, जुनं कडक प्लॅस्टिक असतं ना तसली, दोन्ही हात निखळलेले आणि एक डोळा कायम अर्धा उघडा, त्यामुळे घरातली पोरं तिच्या खोलीत एकटी जायचीच नाहीत. दुसरं भावाचं अस्वल, पोट उसवलेलं, एक पाय लोंबकळतोय, पाठीवर टक्कल. भाऊ आता चांगला बाप्या माणूस आहे पण अस्वल पाठवायचं म्हटल्यावर तोंड एवढंसं झालं, "नीट पाठव हं, कुरिअरवाले फेकतात."

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे वस्तू मागवण्याआधीच त्यांनी विचारलं की बाहुली कशाची आहे. मला वाटलं काय करायचंय, बाहुली ती बाहुली. तर नाही, सगळा खेळच तिथे आहे. कडक प्लॅस्टिक असेल तर ओल्या फडक्याने पुसलेलं चालतं, पण कॉम्पोझिशनची म्हणजे लाकडाचा भुसा आणि सरस कालवून केलेली जुनी बाहुली असेल तर पाण्याने वरचा रंग फुगतो आणि पोपडे धरतात. सेल्युलॉइडची, म्हणजे फार जुन्या काळच्या प्लॅस्टिकची असेल तर ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की चेहराच विरघळतो, शिवाय ते भसकन पेटतं, त्यामुळे दिव्याजवळ, गॅसजवळ तर नकोच. आणि मऊ व्हायनिलची असेल तर त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं म्हणून ती हाताला चिकट लागते, ती धुळीने मळलेली नसते, कितीही घासा पुन्हा चिकट होणारच. हे सगळं दुरुस्तीवाल्या बाईंनी फोनवर न कंटाळता सांगितलं. जो माणूस फोटो बघून लगेच "हो हो होऊन जाईल" म्हणतो त्याच्याकडे मी तरी आता काही देणार नाही.

आता हात. या पोकळ बाहुल्यांचे हात आत इलॅस्टिकने बांधलेले असतात, एका हाताच्या हुकातून निघून पोटातून दुसऱ्या हाताच्या हुकात, आणि डोकं नि पाय वेगळ्या इलॅस्टिकवर. रबर जुनं झालं की कडक होतं, तुटतं आणि मग सगळं एकदम गळतं, म्हणजे बाहुली मोडलेली नसतेच, आतली दोरी गेलेली असते. हे काम घरी पण करतात लोक पण ताण किती द्यायचा तिथे हात बसलेला लागतो. फार ओढून बांधलं तर खांद्याच्या भोकाला तडा जातो, सैल ठेवलं तर बाहुली उभी राहत नाही. आमच्या बाहुलीचा हात वर केला की वरच राहतो, मान वळवली की वळलेलीच राहते, तिथे पैकीच्या पैकी.

डोळ्याचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा नाजूक निघालं. डोळ्यांच्या मागे एक छोटं वजन असतं, आडवं केलं की ते खाली जातं आणि डोळे मिटतात, साधी युक्ती. आमच्याकडे कोणीतरी कधीतरी तिला अंघोळ घातली असणार (आत्या म्हणते मी नाही) आणि पाणी आत जाऊन गंज धरला. बाईंनी डोकं काढून आतून गंज खरवडला, वरून तेल सोडलं नाही, कारण तेलाने बुबुळाचा रंग सुटू शकतो म्हणे. आता दोन्ही डोळे बरोबर मिटतात, डावा किंचित मागे राहतो पण तो एवढा की मी सांगितलं म्हणूनच दिसेल.

पोटात आवाजाची डबी पण होती, वाकवलं की "मा-मा" करणारी. त्यात एक छोटा भाता असतो आणि त्याच्यावर वजन, वजन खाली येताना हवा पिपाणीतून जाते. भाताच फाटलेला होता. त्यांनी स्पष्ट लिहिलं, "ताई, हा आवाज परत आणता येईल असं मी म्हणणार नाही, नवीन डबी बसवता येईल पण तो हिचा आवाज नसेल." आत्याने नवीन नको म्हटलं. पटलं मला.

अस्वलाचं काम तर नंबर एक. जुनी सांध्यांची अस्वलं असतात ना त्यात कापूस असेलच असं नाही, याच्यात लाकडाची बारीक कुरळी सालपटं होती, दाबलं की कुरकुर वाजतात. बऱ्याच ठिकाणी सरळ सगळं उपसून पॉलिस्टरचा कापूस कोंबतात आणि अस्वलाची उशी होऊन जाते. इथे जेवढं गळून गेलं होतं तेवढंच भरलं, तसल्याच सालपटांनी. पाय आतल्या पुठ्ठ्याच्या चकतीवर आणि वाकवलेल्या पिनेवर फिरतो, पिन गंजून तुटली होती, ती बदलली. पोटाची शिवण लॅडर स्टिचने, म्हणजे दोन्ही कडांच्या आतून टाके घेत ओढत न्यायचं की दोरा वर दिसतच नाही, मी भिंग घेऊन शोधत बसले होते. टक्कल तसंच ठेवलं. नवीन फर लावू का विचारलं होतं त्यांनी, भावाने तिथल्या तिथे नाही म्हटलं.

आणि हो, अस्वल आल्या आल्या कामाला घेतलं नाही, आधी कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, आहे का बघायला वेगळं ठेवलं. थोडी होतीच. मग सीलबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशाला 2 आठवडे. संग्रहालयात पण लोकरीच्या वस्तूंना असंच करतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, थंडपणा गेल्याशिवाय, नाहीतर बाष्प धरतं. बाहुलीला मात्र हा प्रकार अजिबात नाही, रंगवलेल्या आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंना तडे जाऊ शकतात.

एक बाजूला सांगून ठेवते. जर्मनीच्या श्टाइफ कंपनीचं अस्वल असेल, त्यांच्या कानात 1904 पासून धातूचं बटण असतं, तर कान धुताना, शिवताना ते बटण कोणालाही काढू देऊ नका. तसल्या जुन्या अस्वलांच्या बाबतीत तर गोळा करणाऱ्यांना दुरुस्ती जितकी कमी तितकी बरी वाटते.

आता तक्रार. बाहुलीच्या गालावरचा रंग पुसट झाला होता, मी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, तरी तो नव्याने मारून आला. वर चकचकीत. जुना रंग कसा आतून आल्यासारखा होता, हा वर बसलाय, लग्नाच्या मेकअपला बसवल्यासारखी दिसते. विचारलं तर म्हणाल्या, "एवढं सगळं नीट केलं, चेहरा तसाच कसा ठेवायचा?" अहो पण चेहराच तर तिचा होता! अस्वलाच्या टकलाबद्दल विचारता आणि गालाबद्दल विचारत नाही हे काही कळलं नाही. त्यांनी वाद न घालता परत बोलावून रंग उतरवून दिला, पैसे न घेता, पण खालचा जुना रंग थोडा गेलाच त्याबरोबर. तो काही परत येणार नाही.

उशीर पण झाला, सांगितलेल्या तारखेच्या बराच पुढे गेलं आणि दर वेळी मीच फोन करायचा. पॅकिंग छान होतं, काढलेलं तुटकं इलॅस्टिक, गंजलेली पिन, मूठभर जुनी सालपटं असं सगळं वेगळ्या पुडीत घालून परत दिलं होतं, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो पण. हे सगळीकडे मिळत नाही.

पाचपैकी चार. गाल धरले तर साडेतीन, पण अस्वलाची शिवण बघितली की परत चार. पुढच्या खेपेला कापडी ससा पाठवायचाय, त्याला डोळे नाहीत, तर आत्ताच फोटोवर खुणा करून ठेवल्यात कुठे हात लावायचा आणि कुठे नाही ते, आणि त्यांच्याकडून "वाचलं" असं उत्तर आल्याशिवाय पार्सल देणार नाही.