बाईकच्या लाइटसाठी मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प: काही महिने वापरल्यावर

साधा डिजिटल मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (वायर जोडलेला साधा बल्ब, करंट येतो का ते बघायला) मी घेतला तो हेडलाइट मंद पडला म्हणून. मग इंडिकेटर, ब्रेक लाइट, मित्रांच्या गाड्या असं करत दोन्ही चांगलेच राबले. मीटर घ्या असं सगळेच सांगतात. घ्याच, पण टेस्ट लॅम्प नसेल तर लाइटच्या कामात तो अर्धवटच.

कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. कपलरची (वायरी जोडणाऱ्या प्लगची) पिन हिरवी पडलेली असो की वायरमधली एकच तार शिल्लक असो, तो खुशाल १२.५ व्होल्ट दाखवतो. बल्ब लावला की अंधार. ५५ वॉटच्या फिलामेंटला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तो त्या एका तारेतून येणार कुठून? टेस्ट लॅम्प करंट ओढतो, त्यामुळे अशा ठिकाणी तो मिणमिणतो आणि पितळ उघडं पडतं. एलईडीवाला मात्र घेऊ नका, तोही मीटरसारखाच फसतो. जुन्या इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडल्या तरी काम भागतं. फक्त ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींना असा बल्ब लावायचा नाही.

मीटरमधलं बीप (वायर सलग आहे का ते सांगणारं) सगळ्यांचं लाडकं, आणि लाइटच्या कामात सगळ्यात कमी उपयोगाचं. कारण तेच, एका तारेवरही ते वाजतं.

खरी कमाई झाली ती व्होल्टेज ड्रॉप मोजण्यात. हेडलाइट चालू ठेवायचा, मीटरचा काळा प्रोब (टोकदार वायर) बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब होल्डरच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत जातो त्या पिनेला. ०.१-०.२ व्होल्ट आलं तर ठीक. माझ्याकडे आलं १.३. म्हणजे बल्बच्या वाट्याचं तेवढं व्होल्टेज अर्थच्या वाटेतच जिरत होतं. चेसीवरचा अर्थचा बोल्ट सोडला तर रिंगखाली रंगाचा थर आणि त्यावर पांढरी भुकटी. पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, रीडिंग ०.०८ वर आलं. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी पडलं तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो, त्यामुळे फरक रस्त्यावर लगेच कळला. नवा, जास्त वॉटचा बल्ब आणायची गरजच पडली नाही.

टेललाइटचा एक प्रकार सांगण्यासारखा आहे. ब्रेक दाबला की टेललाइट विझते, किंवा इंडिकेटर लावला की भलताच दिवा लुकलुकतो. लोक स्विच खोलून बसतात. आधी अर्थ बघा. २१/५ वॉटच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट आणि अर्थ एकच. तो तुटला की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटी वाट शोधतो.

बॅटरी तपासायला मीटरच हवा. गाडी बंद असताना १२.६ ते १२.८, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. रेस दिल्यावर १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बघा. त्यामुळे बल्ब सारखे उडत असतील तर बल्बची कंपनी बदलून उपयोग नाही. जुन्या छोट्या गाड्यांमध्ये हेडलाइट थेट अल्टरनेटरवर चालते, रेसबरोबर उजेड वाढतो. तिथे मीटर एसीवर फिरवायचा, डीसीवर काहीच्या बाही आकडे येतात.

आता तक्रारी. प्रोब जाड आहेत, कपलरमध्ये शिरत नाहीत. मी मागून बारीक सुई घालून तिला प्रोब टेकवतो. क्रोकोडाइल क्लिप सोबत आल्या नाहीत आणि त्यांच्याशिवाय तिसरा हात लागतो. मीटर आकडा बदलायलाही वेळ घेतो. हँडल वळवल्यावर क्षणभर तुटणारी वायर (बहुतेक वेळा हँडलच्या दांड्यापाशी, जिथे वायरिंगला सतत पीळ बसतो) त्यात सापडत नाही. टेस्ट लॅम्प लावून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं की तो तिथल्या तिथे लुकलुकतो.

मीटरच्या १० अँपिअरच्या, म्हणजे करंट मोजायच्या सॉकेटपाशी सांभाळून. लाल वायर त्यात राहिली आणि प्रोब बॅटरीला लावले तर तो सरळ शॉर्ट असतो, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला बरेचदा फ्यूजच नसतो. घेताना तेवढं पाहून घ्या. मीटरचा स्वतःचा सेल उतरला तरी आकडे चुकतात, तेव्हा धडधाकट बॅटरीवर न पटणारं रीडिंग आलं तर आधी सेल बदला, मग गाडी खोला.